कलम सर्वांचे, राखण मोलाची

देवगड तालुक्यातील मिठबाव हे गाव समुद्राला लागून आहे. किनाऱ्यावर गजबादेवीचे देऊळ, पुढे वाळूचा लांब पट्टा आणि मागे कातळावर हापूसची कलमे, असे त्याचे रूप. या किनारपट्टीवरील घरांचा हिशेब पूर्वापार तीन खात्यांवर चालत आला आहे: आंबा, मासळी आणि मुंबई. आंब्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो, तोही मोहोर टिकला तर. मासेमारी पावसाळ्यात थांबते. उरलेली तूट मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाच्या मनीऑर्डरने भरून निघत असे. आता मनीऑर्डरची जागा मोबाइलवरून येणाऱ्या पैशाने घेतली आहे आणि मुंबईच्या जोडीला पुणे व बंगळूर आले आहेत. खाते मात्र तेच राहिले आहे. शिकलेली मुले बाहेर जातात आणि घर गणपतीची, शिमग्याची व मे महिन्याची वाट पाहत राहते.

संगणकाचे शिक्षण घेतलेल्या तरुणांपुढे अलीकडे एका चौथ्या खात्याची शक्यता उभी राहिली आहे. ती म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजेच ओपन सोर्स, लिहून त्यावर स्वतंत्रपणे उपजीविका करणे. या कामाला कचेरी लागत नाही, साहेब लागत नाही, गाव सोडावे लागत नाही. पण व्यापारी घरात ही कल्पना मांडली गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माल फुकट वाटायचा, तर गल्ल्यात काय पडणार?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला गेला, त्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे लागेल. आणि ते उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

मुक्त म्हणजे काय

साध्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला वापरण्याची परवानगी मिळते, पण त्याची मूळ घडण, म्हणजे कोड, कंपनीच्या तिजोरीत राहते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही घडण सर्वांसमोर उघडी असते. कोणीही ती वाचावी, वापरावी, गरजेप्रमाणे बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, असा लेखी परवाना तिच्यासोबत असतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये एमआयटीतील नोकरी सोडून असे सॉफ्टवेअर घडवायला आरंभ केला. 'ओपन सोर्स' हे नाव पुढे १९९८ मध्ये रूढ झाले.

मुक्त याचा अर्थ विक्रीस बंदी असा नव्हे, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. स्टॉलमन यांनी आपले 'ईमॅक्स' हे सॉफ्टवेअर चुंबकीय फितीवर भरून १५० डॉलरला विकले. ज्यांना ते नेटवर्कवरून विनामूल्य उतरवून घेता येत होते, त्यांनी तसे घेतले. ज्यांना तयार फीत हवी होती, त्यांनी पैसे मोजले. माल एकच होता. पैसा पडला तो माल तयार करून हाती पोचवण्याच्या सेवेचा.

देवगडच्या बागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. चांगल्या हापूसच्या झाडाची एक काडी घेऊन दुसऱ्या रोपावर कलम बांधले, तर मूळ झाडाचे काही कमी होत नाही. कलम बांधण्याची रीतही गुपित नाही. तरीही बागायतदार जगतो, कारण पेटीचा भाव कलमाच्या मालकीवर ठरत नाही. मोहोरावर वेळेत केलेली फवारणी, वानरांपासून केलेली राखण, योग्य दिवशी केलेली काढणी आणि 'देवगड' या नावाची पत यांवर तो ठरतो. दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जाण्याची तक्रार दरवर्षी होते, त्याचे कारणही हेच. चोरी होते ती नावाची, कलमाची नव्हे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्येही कोड सर्वांचा असतो, पण नाव आणि बोधचिन्ह त्याच्या कर्त्याकडे राखून ठेवता येते. कमाई होते ती राखणीतून आणि नावातून.

मुंबईतील एक दाखला

या मार्गाने चालण्याचे एक ठळक उदाहरण मुंबईतच आहे. कोविद गोयल हे अमेरिकेत कॅल्टेक येथे भौतिकशास्त्रात पीएच. डी. करत होते. २००६ मध्ये सोनी कंपनीने पुस्तके वाचण्याचे एक विद्युत उपकरण बाजारात आणले. गोयल यांनी ते घेतले, पण त्यांच्या संगणकावरील लिनक्स प्रणालीशी ते जुळत नव्हते. कंपनीने ती सोय केली नव्हती. त्यांनी इतर जाणकारांच्या मदतीने उपकरणाची भाषा उलगडली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी एक छोटे सॉफ्टवेअर लिहिले. ते त्यांनी सर्वांना खुले केले.

गरज त्यांची एकट्याची नव्हती. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे आली, प्रत्येकाचा पुस्तकांचा साचा वेगळा, आणि एका साच्यातले पुस्तक दुसऱ्या उपकरणावर उघडत नसे. गोयल यांचे सॉफ्टवेअर एका साच्यातून दुसऱ्यात पुस्तक बदलू लागले, संग्रहाची सूची ठेवू लागले. २००८ मध्ये त्याचे नाव 'कॅलिबर' असे झाले. आज ई-पुस्तकांचा संग्रह बाळगणाऱ्या जगभरातील वाचकांना हे नाव परिचयाचे आहे, आणि ते अजूनही विनामूल्य व मुक्त आहे. गोयल यांनी पदवीनंतर याच कामाला वाहून घेतले. या कामाचा मुख्य आधार वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्या हा आहे. कोणी एकदा थोडी रक्कम देतो, कोणी दरमहा देतो. बहुसंख्य लोक काहीच देत नाहीत.

बहुसंख्य काहीच देत नाहीत, हे ऐकून व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडेल. पण इथे हिशेब वेगळा आहे. दुकानात फुकट माल नेणारा माणूस दुकानदाराचे नुकसान करतो, कारण तो माल विकत आणलेला असतो. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत देण्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. न देणारा वापरकर्ता तोटा करत नाही. उलट तो चुका कळवतो, दुसऱ्याला नाव सांगतो, कधी आपल्या भाषेत भाषांतर करून देतो. त्यामुळे वापरणारे लाखांत गेले की त्यांतील अगदी थोड्यांनी दिलेले पैसेही एका माणसाचा संसार चालवू शकतात.

मात्र यात एक अट आहे आणि ती कडक आहे: काम कधी थांबत नाही. नवे उपकरण आले, जुना साचा बदलला, कोणाच्या संगणकावर काही बिघडले की दुरुस्ती करावी लागते. कॅलिबर ज्या पायथन भाषेत लिहिले आहे, तिची जुनी आवृत्ती कालबाह्य झाली, तेव्हा सबंध इमारतीचा पाया बदलावा लागला. अनेकांच्या हातभाराने ते काम पार पडून सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबरची ५ वी आवृत्ती आली. वापरणाऱ्याला बाहेरून त्यातले फारसे दिसले नाही. चांगल्या राखणीचे हेच लक्षण असते. ती दिसत नाही, पण तिच्यावाचून एका मोसमात बाग ओस पडते.

फर्निचरच्या पेढीतून निघालेली वाट

दुसरा दाखला तर थेट व्यापारी घरातला आहे. मुंबईचे रुषभ मेहता आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायात होते. मालाचा साठा, खरेदी, विक्री, कारखाना आणि हिशेब यांचा मेळ घालणारे सॉफ्टवेअर त्यांना हवे होते. बाजारातील तयार सॉफ्टवेअर महाग, अवजड आणि आपल्या धंद्याच्या रीतीशी न जुळणारे, हा अनुभव मध्यम आकाराच्या अनेक पेढ्यांना आहे. मेहता यांनी स्वतः प्रोग्रामिंग शिकून स्वतःच्या पेढीसाठी तसे सॉफ्टवेअर लिहिण्याचा मार्ग धरला. त्यातून २००८ च्या सुमारास 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर आणि पुढे 'फ्रॅपे' ही कंपनी उभी राहिली. कोड सर्वांना खुला ठेवण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि तो कायम ठेवला.

आज एखादा घाऊक व्यापारी ईआरपीनेक्स्ट विनामूल्य उतरवून स्वतःच्या संगणकावर चालवू शकतो. मग फ्रॅपेला पैसा कोठून मिळतो? व्यापाऱ्याला सॉफ्टवेअर चालवण्याची कटकट नको असते. रोज रात्री हिशेबाची प्रत सुरक्षित ठेवली गेली का, नवी आवृत्ती आली तर जुना हिशेब जसाच्या तसा उघडेल का, जीएसटीचा नियम बदलला तर बिलात बदल झाला का, ही चिंता दुसऱ्या कोणी वाहावी असे त्याला वाटते. ती चिंता वाहण्याचे मोल तो आनंदाने देतो. कंपनी स्वतःच्या यंत्रणेवर सॉफ्टवेअर चालवून देते आणि अडचणीला धावून येते. तिची मिळकत यातून आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही मिळकत फ्रॅपेपुरती राहिलेली नाही. कोड खुला असल्यामुळे ठिकठिकाणचे स्वतंत्र डेव्हलपर ते शिकून घेतात आणि स्थानिक पेढ्यांना बसवून देतात. समजा, एखाद्या तरुणाने कणकवली, देवगड आणि मालवण भागातील १२ पेढ्यांचे सॉफ्टवेअर सांभाळायला घेतले आणि प्रत्येकीकडून देखभालीचे दरमहा २,५०० रुपये ठरवले. महिन्याला ३०,००० रुपये होतात. ही रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण मिठबावात घर स्वतःचे असताना ती तुटपुंजीही नाही. आंब्याचे तुडतुडे, भरतीओहोटी आणि दलालाची मर्जी यांच्यावर ती अवलंबून नाही, हे तिचे खरे बळ.

मिळकतीचे मार्ग

जगभरात जे डेव्हलपर या मार्गाने जगतात, त्यांच्या मिळकतीचे प्रकार मोजकेच आहेत. पहिला प्रकार ऐच्छिक वर्गणीचा. कॅलिबर हा त्याचा दाखला झाला. 'व्ह्यू' हे संकेतस्थळे घडवण्याचे साधन निर्माण करणारे इव्हान यू २०१६ पासून अनेक वर्षे अशाच वर्गणीच्या बळावर पूर्णवेळ त्या कामात होते.

दुसरा प्रकार देखभालीच्या कराराचा. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांचे 'कर्ल' हे छोटे साधन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहिती नेते. मोबाइल, मोटारी, दूरचित्रवाणी संच यांत ते बसलेले असते. १९९८ पासून त्या नावाने चालत आलेले हे काम त्यांनी सुमारे २० वर्षे नोकरी सांभाळून फावल्या वेळात केले. २०१९ पासून ते एका कंपनीमार्फत कर्लच्या देखभालीचे करार विकतात आणि तेच त्यांचे पूर्णवेळ काम झाले आहे.

तिसरा प्रकार दोन दर्जांचा. 'साइडकिक' नावाचे साधन माइक पेरॅम यांनी २०१२ मध्ये मुक्त केले आणि मोठ्या ग्राहकांना लागणाऱ्या जादा सोयी वेगळ्या आवृत्तीत ठेवून त्या विकल्या. अनेक वर्षे त्यांनी हा धंदा नोकरमाणूस न ठेवता एकट्याने चालवला.

चौथा प्रकार कोणी तरी कामाचे मोल आधीच देऊन माल सर्वांसाठी खुला करण्याचा. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी टंक अशा मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका किंवा मोबाइलवरची जाहिरात करताना व्यापारी घरांनीही ते नकळत वापरलेले असण्याचा संभव आहे. अक्षर घडवणाऱ्याला मोल मिळाले आणि अक्षर मात्र सर्वांचे झाले. धर्मशाळा एकाने बांधावी व वाटसरू कोणीही असावा, त्यातलाच हा व्यवहार. बंगळूरच्या झिरोधा या दलाली पेढीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फ्लॉस फंड' जाहीर केला. जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर देण्याचा त्याचा संकल्प असून एकेका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते. ज्या साधनांवर पेढी उभी राहिली, त्यांचे ऋण फेडण्याची ही भूमिका आहे.

राखण थांबली की

ऋणाचा विषय निघाला की या व्यवसायाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारे कुलूप ज्या साधनांमुळे लागते, त्यांतील 'ओपनएसएसएल' हे एक मुख्य मुक्तस्रोत साधन आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघड झाला आणि जगभर धावपळ उडाली. तेव्हा कळले की एवढ्या मोठ्या व्यवहाराचे ओझे वाहणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २,००० डॉलरच देणग्या मिळत होत्या. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी साधन घेतले; राखणदाराची चौकशी कोणी केली नाही.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याहून चमत्कारिक प्रकार घडला. 'एक्सझेड' नावाचे फाइल लहान करण्याचे साधन बराच काळ एकच माणूस बिनमोल सांभाळत होता. तो थकला होता आणि तसे त्याने सांगितलेही होते. त्याच्या मदतीला एक अनोळखी व्यक्ती पुढे आली, दोन-अडीच वर्षे नेमाने काम करून तिने विश्वास मिळवला, आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. तो सर्वत्र पसरण्याआधी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढेच जाणवले. त्याने कारण शोधले आणि अनर्थ टळला. बागेचा एकटा राखणदार दमला की कुंपणातून कोण शिरेल याचा भरवसा नसतो.

स्टेनबर्ग यांचा एक अनुभव तर प्रत्येक व्यापाऱ्याला हसवील आणि विचारातही पाडील. डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्याच एका साधनातील दोषाने खळबळ उडाली होती. जानेवारी २०२२ मध्ये एका बलाढ्य अमेरिकी कंपनीने स्टेनबर्ग यांना पत्र धाडले आणि त्यांच्या साधनाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे २४ तासांत मागितली. कंपनीने त्यांना कधी एक पैसाही दिलेला नव्हता. देखभालीचा करार झाला की उत्तरे आनंदाने देऊ, असे त्यांनी कळवले. ज्याचे येणे नाही त्याला तगादा लावता येत नाही, हा बाजाराचा जुना नियम त्यांनी सौम्य शब्दांत सांगितला.

हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. ज्या पेढीचा रोजचा हिशेब मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतो, तिने वर्षाच्या खर्चात त्याच्या राखणीची एक ओळ ठेवली पाहिजे. गोदामाच्या कुलपाला तेल घालणे हा जसा दानधर्म नव्हे, तसा हाही नव्हे. परवाना फुकट मिळाला म्हणून वाचलेल्या रकमेचा थोडा हिस्सा ते सांभाळणाऱ्याला देणे हा धंद्याचाच खर्च आहे, कारण तो थांबला तर दिवाळीच्या ऐन गर्दीत बिल निघणे थांबेल.

मिठबावातून हे जमेल काय

आता पुन्हा मिठबावकडे. या व्यवसायाची घडण अशी आहे की गाव त्याला अडसर होत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पांचे काम बहुधा लेखी चालते. समोरचा माणूस जर्मनीत असतो, कोणी ब्राझीलमध्ये; कोणी कोणाची वाट पाहत जागा राहत नाही, ज्याच्या त्याच्या वेळेला उत्तर दिले जाते. कामाच्या नोंदी ठेवण्यासाठी 'गिट' हे साधन वापरतात. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ मध्ये घडवले. त्याची खुबी अशी की प्रकल्पाचा सबंध इतिहास, पहिल्या ओळीपासून आजपर्यंतचा, प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर असतो. नेटवर्क गेले तरी काम चालू राहते आणि नेटवर्क आले की नवी नोंद पाठवता येते. जणू प्रत्येक मुनिमाजवळ खातेवहीची पूर्ण प्रत आहे आणि भेट झाली की मेळ घातला जातो.

किनारपट्टीच्या गावाला याचे महत्त्व विशेष आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर खांब कोसळले आणि अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. पावसाळ्यात वीज जाणे हे तर नित्याचे. एक चांगली बॅटरी, दुसऱ्या कंपनीचे राखीव मोबाइल कार्ड आणि जवळच्या मोठ्या गावात अडीअडचणीला बसण्याची जागा, एवढी तजवीज केली तर रोजचे काम अडत नाही. मात्र ज्या ग्राहकाला रात्री-अपरात्री तातडीची सेवा हवी आहे, त्याला आपली मर्यादा आधी सांगावी. न पेलणारा वायदा करणे हे धंद्यात तोट्याहून वाईट.

खरी कसोटी विजेची नसून वेळेची आहे. मुक्तस्रोतातले नाव एका रात्रीत होत नाही. गोयल, मेहता किंवा स्टेनबर्ग यांपैकी कोणालाही पहिल्या वर्षी पोटापुरते मिळाले नसते. आधी दुसऱ्याच्या प्रकल्पातील चुका दुरुस्त करायच्या, मग एखादा भाग सांभाळायचा, मग लोक नावाने ओळखू लागतात आणि तेव्हा काम विचारत येते. हापूसचे कलम लावले की फळासाठी काही वर्षे थांबावेच लागते. त्या वर्षांत त्याला पाणी घालण्याचा खर्च मालकच सोसतो. व्यापारी घरांना हेही नवे नाही. नव्या गावात पेढी उघडली की पहिली दोन-तीन वर्षे मूळ पेढीने तिला पोसायचे असते. मुलाला किंवा मुलीला हा मार्ग धरायचा असेल, तर घराने तो छंद किंवा बेकारी न समजता नव्या शाखेसारखा हाताळावा: किती काळ, किती खर्च, आणि कोणत्या टप्प्यावर पुन्हा विचार, हे आधी बसून ठरवावे. तोवर नोकरी किंवा अर्धवेळ काम सोडू नये.

त्याबरोबर हिशेबाची शिस्त हवी. परदेशातून येणाऱ्या रकमेला 'देणगी' म्हटले जात असले, तरी ती कामाची मिळकत समजूनच वहीत लिहावी आणि तिच्यावरील आयकराची तरतूद बाजूला ठेवावी. प्रत्येक रकमेसाठी बिल, करार किंवा निदान पत्रव्यवहार जपावा आणि बँकेकडून परकी चलन आल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली आणि परकी चलनात मोल मिळालेली सेवा निर्यात ठरली तर तिच्यावर कराचा दर शून्य असतो, पण कर न भरता निर्यात करण्यासाठी लेटर ऑफ अंडरटेकिंग दाखल करावे लागते. ही कामे जाणत्या चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्याने पहिल्याच वर्षी मार्गी लावलेली बरी. एकाच ग्राहकावर किंवा एकाच मोठ्या देणगीदारावर निम्म्याहून अधिक मिळकत अवलंबून राहू देऊ नये, हा जुना दंडकही इथे तितकाच खरा.

आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावी. हा माणूस दिवसभर एकट्याने पडद्यासमोर बसतो. त्याचे सहकारी दूर देशी असतात. परक्या माणसाचे कडवट पत्र आले तरी ते तो कोणाला दाखवत नाही. एक्सझेडची हकिगत मुळात एका थकलेल्या माणसाची हकिगत आहे. त्यामुळे सुटीचा दिवस ठरलेला असावा, कामात एखादा भरवशाचा जोडीदार असावा, आणि "घरीच तर असतो" म्हणून कामाच्या वेळी त्याला बाजारहाटाला पिटाळले जाऊ नये. दुकानात बसलेल्या माणसाचा वेळ जसा धंद्याचा असतो, तसाच याचाही.

"माल फुकट वाटायचा, तर गल्ल्यात काय पडणार?" या प्रश्नाचे उत्तर आता हिशेबाने देता येते. वाटली जाते ती प्रत, आणि तिला खर्च नाही. विकली जाते ती जबाबदारी. तिला खर्च आहे, म्हणून तिला मोलही आहे. ज्याला ती जबाबदारी वर्षानुवर्षे नेमाने वाहायची तयारी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याची तयारी आहे, त्याला मिठबाव आणि मुंबई यांतले अंतर पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही. तसा एखादा तरुण गावात राहिला, तर आंबा, मासळी आणि मुंबई या तीन खात्यांच्या शेजारी चौथे खाते उघडेल. आणि कदाचित एक घर गणपती संपल्यावरही उघडे राहील.